खटला रेकॉर्डवर उभा राहतो: एफआयआरपासून अपिलापर्यंत पुरावा आणि बचावाचा वकील

शिक्षा झाल्यानंतर अपिलासाठी वकिलाकडे येणारे नातेवाईक बहुधा एकच गोष्ट सांगतात: खालच्या कोर्टात आमची बाजू नीट मांडलीच गेली नाही, आता वरच्या कोर्टात सगळे सांगू. त्यांची वेदना खरी असते, पण समजूत चुकीची असते. अपिलात साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभे राहत नाहीत, पंच पुन्हा बोलावले जात नाहीत आणि न विचारलेला प्रश्न आता विचारता येत नाही. खालच्या न्यायालयात जे कागदावर आले, तेच पेपरबुकात, म्हणजे अपिलासाठीच्या कागदांच्या संचात, बांधून न्यायमूर्तींसमोर जाते आणि युक्तिवाद त्याच्याच आधारे होतो. म्हणून अपिलाची तयारी एफआयआरची प्रत हातात पडते त्या दिवसापासून सुरू झाली पाहिजे. आरोपी, त्याचे कुटुंबीय आणि नव्याने फौजदारी वकिली करणारे मित्र यांना प्रत्येक टप्प्यावर काय पाहायचे, काय मागायचे आणि काय नोंदवून घ्यायचे हे कळावे, यासाठी हा लेख भारतातील सध्याच्या कायद्याच्या आधारे लिहिला आहे.

प्रथम कायद्याबद्दल थोडेसे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे लागू झाले. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंडसंहिता लागते आणि तेव्हा प्रलंबित असलेले तपास, खटले व अपिले जुन्या प्रक्रिया संहितेप्रमाणेच पुढे चालतात. आपले प्रकरण कोणत्या कायद्याखाली आहे हे पहिल्याच भेटीत वकिलाकडून स्पष्ट करून घ्यावे. पुढे दिलेली कलमे नव्या कायद्यांची आहेत; जिथे कायद्याचे नाव दिलेले नाही, तिथे कलम नागरिक सुरक्षा संहितेचे समजावे.

पहिला टप्पा: अटक आणि पहिले चोवीस तास

अटक झाल्याचे कळताच घरच्यांनी वेळ लिहून ठेवावी: कोठून नेले, किती वाजता नेले, त्या वेळी शेजारी कोण होते. नंतर अटक पंचनाम्यात वेगळी वेळ दिसली, तर ही साधी नोंद फार मोलाची ठरते. अटकेची कारणे आरोपीला कळवणे राज्यघटनेच्या अनुच्छेद 22(1) नुसार बंधनकारक आहे आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावेच लागते. चौकशीच्या काळात आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 38 मध्ये आहे, मात्र वकिलाला संपूर्ण चौकशीभर शेजारी बसता येत नाही. अनुच्छेद 20(3) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 प्रमाणे पुराव्यात वाचला जात नाही. तरीही "सही केली, आता सगळे संपले" या धास्तीने अनेक कुटुंबे हातपाय गाळतात, आणि त्या हताशेत पुढची महत्त्वाची कामे राहून जातात. दंडाधिकाऱ्यांसमोर कलम 183 खाली नोंदवलेल्या कबुलीचे मात्र तसे नाही. ती पुराव्यात वाचली जाते, म्हणून तिथे जाण्यापूर्वी आरोपीला वकिलाचा सल्ला मिळालेला असावा.

एफआयआरची प्रत ताबडतोब मिळवावी. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार, संवेदनशील गुन्हे वगळता, एफआयआर साधारणपणे 24 तासांत संकेतस्थळावर टाकावा लागतो. प्रत मिळाली की घटनेची वेळ, खबर मिळाल्याची वेळ आणि ठाण्यापासूनचे अंतर या तीन नोंदी आधी पाहाव्यात. उशीर झाला म्हणून फिर्याद खोटी ठरत नाही, पण उशिराचे समाधानकारक कारण दिलेले नसेल, तर मधल्या वेळात फिर्याद रचली गेली का, हा प्रश्न खटला संपेपर्यंत जिवंत राहतो.

याच काळात बचावाच्या बाजूचा पुरावा सर्वांत वेगाने नष्ट होतो. कॅमेऱ्यांचे चित्रीकरण काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पुसले जाते. आरोपी घटनेच्या वेळी दुसरीकडे होता असे म्हणणे असेल, तर तिथले चित्रीकरण जपून ठेवण्याबद्दल त्या आस्थापनेला लेखी पत्र द्यावे आणि कलम 94 खाली न्यायालयाकडून ते मागवण्याचा अर्ज विनाविलंब करावा. पोलीस ते गोळा करतील या भरवशावर राहू नये. त्याचबरोबर आरोपीच्या किंवा घरच्यांच्या फोनमधले संदेश, अडचणीचे वाटले तरी, पुसू नयेत. पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि पुसलेला संदेश समोरच्याच्या फोनमधून निघाला की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. फिर्यादी पक्षाच्या साक्षीदारांना भेटायला तर कुटुंबातील कोणीही जाऊ नये, मग हेतू कितीही चांगला असो.

दुसरा टप्पा: कोठडी आणि जामीन

इथे थोडक्यात दोन गोष्टी. जामिनाच्या अर्जात घटनेबद्दल सविस्तर कथा लिहिण्याचा मोह टाळावा. अर्जात एक भूमिका आणि खटल्यात दुसरी असे झाले, तर सरकारी वकील ते नेमके दाखवून देतात. दुसरी गोष्ट मुदतीची. फाशी, जन्मठेप किंवा 10 वर्षे अथवा त्याहून अधिक कारावासाच्या गुन्ह्यात 90 दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत 60 दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर कलम 187(3) प्रमाणे जामीन हा आरोपीचा हक्क होतो. पण हा हक्क दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज करून वापरावा लागतो. मुदत उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी वकील सुटीवर होते आणि तिसऱ्या दिवशी दोषारोपपत्र आले, तर हक्क हातचा गेला असे समजावे.

तिसरा टप्पा: दोषारोपपत्र वाचणे

माझ्या मते बचावाच्या वकिलाची खरी पारख इथे होते, आणि अशिलाला ती सहज करता येते. पहिल्या सविस्तर भेटीत त्याच्या समोरच्या दोषारोपपत्रावर पेन्सिलीच्या खुणा आणि तारखांचा तक्ता दिसतो का, एवढेच पाहावे.

आरोपी हजर झाल्यापासून 14 दिवसांच्या आत त्याला एफआयआर, जबाब, पंचनामे आणि इतर कागदपत्रांच्या नकला विनामूल्य द्याव्यात, असे कलम 230 सांगते. मिळालेली पाने मोजून, अस्पष्ट पानांची यादी करून लेखी पोच द्यावी. पोलिसांनी गोळा केले पण आधार म्हणून जोडले नाही, अशा जबाबांची आणि कागदपत्रांची यादी आरोपीला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या निर्देशांत आणि 2022 च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात म्हटले आहे. ही यादी आवर्जून मागावी, कारण पोलिसांनी बाजूला ठेवलेल्या जबाबातच कधी कधी आरोपीच्या सुटकेची गोष्ट सापडते.

त्यानंतर एक तक्ता करावा. पहिल्या रकान्यात तारीख आणि वेळ, दुसऱ्यात घटना, तिसऱ्यात ती ज्या कागदावरून कळते त्याचा पान क्रमांक. घटना, ठाण्यातील नोंद, एफआयआर, त्याची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे पोहोचणे, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, घटनास्थळ पंचनामा, प्रत्येक साक्षीदाराचा जबाब, पुरवणी जबाब, अटक, जप्ती, मुद्देमाल प्रयोगशाळेत पाठवणे, अहवाल येणे, असे सारे क्रमाने लावले की कागद आपोआप बोलू लागतात. प्रत्यक्षदर्शी म्हणवणाऱ्याचा जबाब घटनेनंतर दहा दिवसांनी का घेतला? आधीच्या जबाबात नसलेले नाव पुरवणी जबाबात कसे आले? इन्क्वेस्ट पंचनामा एफआयआरच्या आधीचा असून त्यावर एफआयआर नोंदल्यावर पडणारा गुन्हा क्रमांक कसा?

मुद्देमालाचा प्रवास तर स्वतंत्रपणे तपासावा. समजा, 3 तारखेला कोयता जप्त झाला. पंचनाम्यात तो कागदात गुंडाळून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून, लाखेने सील केल्याचे लिहिले आहे. मुद्देमाल रजिस्टरला नोंद 5 तारखेची आहे, तो घेऊन जाणाऱ्या शिपायाचे पत्र 19 तारखेचे आहे आणि प्रयोगशाळेच्या अहवालात आलेल्या पाकिटाच्या सीलचे वर्णन पंचनाम्याशी जुळत नाही. आता 3 ते 19 या काळात कोयता कोणाच्या ताब्यात होता, कपाटाची किल्ली कोणाकडे होती आणि रक्ताळलेले कपडे त्याच कपाटात होते का, हे प्रश्न ओघाने येतात. अहवालात मृताच्या गटाचे रक्त सापडल्याचे असले, तरी ते रक्त जप्तीच्या वेळीच पात्यावर होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे, आणि मुद्देमालाच्या साखळीत अशी फट राहिली तर त्या अहवालाचे वजन घटते. नव्या संहितेच्या कलम 105 ने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक केले आहे. म्हणून पंचनामा वाचताना चित्रीकरणाची प्रतही मागावी आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.

चौथा टप्पा: दोषारोप ठेवण्यापूर्वी

कागदपत्रे जशीच्या तशी खरी मानली तरी गुन्हा होत नसेल, तर दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच सुटकेचा, अर्ज करावा. सत्र खटल्यात तो कलम 250 खाली, खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून 60 दिवसांत करायचा असतो. या टप्प्यावर न्यायालय पुराव्याची बारीक छाननी करत नाही, म्हणून कमकुवत मुद्द्यावर हा अर्ज करून आपला बचाव आधीच उघडा करण्यात शहाणपण नसते. दोषारोप वाचून दाखवला जाईल तेव्हा तारीख, ठिकाण आणि प्रत्येक आरोपीची भूमिका नीट ऐकावी. सामाईक इराद्याचा आरोप नसताना सर्वांना एकाच कृत्यासाठी जबाबदार धरले जात असेल, तर त्याची नोंद तिथेच करून ठेवावी.

कलम 330 खाली सरकार पक्षाची कागदपत्रे मान्य आहेत की नाहीत, असे विचारले जाते. "वेळ वाचतो" म्हणून शवविच्छेदन अहवाल डोळे झाकून मान्य करणे धोक्याचे असते. एकदा मान्य केल्यावर त्या डॉक्टरांना जखमांचे वय, हत्याराचा प्रकार आणि मृत्यूची वेळ याबद्दल विचारण्याची संधी सहसा उरत नाही.

पाचवा टप्पा: उलटतपासणी

चित्रपटांतील वकिलांप्रमाणे आवाज चढवून सत्य बाहेर काढण्याचा प्रकार कोर्टात क्वचितच होतो. उलटतपासणी हे फार शांतपणे करायचे लेखनाचे काम आहे, कारण साक्षीदाराच्या तोंडून निघालेले वाक्य न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगेपर्यंत ते पुराव्यात आलेले नसते.

एक प्रसंग जवळून पाहू. साक्षीदाराने सरतपासणीत (सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे देताना) सांगितले, "आरोपीने माझ्या डोळ्यांदेखत कोयत्याने डोक्यात वार केला." पोलिसांसमोरच्या त्याच्या जबाबात एवढेच आहे की आरडाओरडा ऐकून तो धावत गेला आणि त्याला आरोपी पळताना दिसला. वकील विचारतो, "कोयत्याने वार करताना पाहिले, असे तुम्ही पोलिसांना सांगितले होते का?" साक्षीदार म्हणतो, "होय, सांगितले होते." मग जबाब दाखवून विचारले जाते की तो मजकूर तिथे का नाही. उत्तर आपल्या कोर्टांत रोज ऐकू येते ते: "तो माझ्या जबाबात का लिहिला नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही." अनेक नवे वकील इथे समाधानाने खाली बसतात, पण काम अजून अर्धेच झालेले असते. पोलिसांसमोरचा जबाब हा स्वतः पुरावा नाही. कलम 181 प्रमाणे तो विसंगती दाखवण्यापुरताच वापरता येतो. म्हणून ज्याने जबाब नोंदवला तो तपासी अंमलदार साक्षीला आल्यावर त्याला तेच विचारावे लागते: "या साक्षीदाराने कोयत्याने वार पाहिल्याचे तुम्हाला सांगितले होते का?" त्याने "नाही" म्हटले, की ओमिशन, म्हणजे तो तपशील जबाबात नसणे, सिद्ध झाले. जबाबात उलट मजकूर असेल, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 148 प्रमाणे तो नेमका भाग साक्षीदाराला वाचून दाखवावा, त्यावर "अ" ते "अ" अशी खूण करून घ्यावी आणि अंमलदाराकडून तो भाग साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच लिहिल्याचे वदवून घ्यावे. गाळलेला प्रत्येक तपशील विसंगती ठरत नाही. जे सांगितल्यावाचून घटना सांगताच येणार नाही ते गाळले असेल, तरच त्याला वजन येते. याविषयीचे तत्त्व 1959 च्या तहसीलदार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर मांडले आहे.

तपासी अंमलदाराला तो एक प्रश्न विचारायचा राहिला, तर अपिलात केवढाही विद्वान वकील उभा केला तरी विसंगती "सिद्ध झालेली नाही" एवढे उत्तर मिळते. मला वाटते, फौजदारी अपिलांत यापेक्षा जास्त हळहळ लावणारे दुसरे वाक्य नाही.

बचावाची स्वतःची भूमिकाही साक्षीदारापुढे ठेवावीच लागते. जुन्या वैरातून नाव गोवले असे म्हणणे असेल, तर ते सूचनेच्या रूपात साक्षीदाराला विचारलेले असले पाहिजे, मग तो "असे म्हणणे खरे नाही" हेच उत्तर देवो. ज्या विधानाला उलटतपासणीत हात लावला नाही, ते बचाव पक्षाला मान्य आहे असे न्यायालय समजू शकते. पण ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला माहीत नाही आणि उलट आले तर खटलाच बुडेल, तो प्रश्न गिळून टाकण्याचा संयमही हवा. पंचनाम्यात उजेड किती होता हे लिहिलेले नसेल, तर प्रत्यक्षदर्शीला "अंधार होता ना?" असे विचारून "नाही, समोरच दिव्याचा खांब होता" हे उत्तर रेकॉर्डवर आणण्यापेक्षा घटनास्थळ पंचनाम्यातील मौन युक्तिवादात वापरलेले बरे.

साक्ष संपल्यावर टंकलिखित जबानी ओळ न ओळ वाचावी. "मी पाहिले" आणि "मी पाहिल्याचे मला आठवते" यांत फरक आहे. चूक असल्यास तिथेच दुरुस्ती मागावी, नाकारली तर लेखी अर्ज द्यावा आणि त्याची नोंद रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) येईल असे पाहावे.

सरकार पक्षाचा साक्षीदार फितूर झाला, तर आरोपीच्या घरी आनंद होतो. तो अर्धवट असतो. फितूर साक्षीदाराची संपूर्ण साक्ष पुसली जात नाही, तिच्यातील विश्वासार्ह भाग न्यायालय दोन्ही बाजूंसाठी वापरू शकते. त्यामुळे सरकारी वकिलांनी त्याची उलटतपासणी घेतल्यानंतर बचावाच्या वकिलाने "प्रश्न नाहीत" म्हणण्यापूर्वी दोनदा विचार करावा. साक्षीदारांची संख्या किती हाही मुद्दा नसतो. 1957 च्या वडिवेलू थेवर निकालात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वसनीय आणि या दोन्हींच्या मधला. पहिल्या प्रकारच्या एकट्याच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते. तिसऱ्यासाठी दुजोरा लागतो. बचावाचे बरेचसे काम साक्षीदार तिसऱ्या प्रकारात मोडतो हे दाखवण्याचे असते.

वकील बदलला म्हणून साक्षीदार पुन्हा बोलावता येतील, या आशेवरही राहू नये. कलम 348 खाली न्यायालयाला तो अधिकार आहे, पण केवळ नव्या वकिलाला जुन्याची उलटतपासणी अपुरी वाटते एवढ्या कारणावरून साक्षीदारांना परत बोलावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये शिवकुमार यादव प्रकरणात ठरवले. वकील बदलायचाच असेल तर साक्षी सुरू होण्यापूर्वी बदलावा.

सहावा टप्पा: पुराव्याच्या प्रकारानुसार पाहायच्या जागा

प्रत्यक्षदर्शी नसतो तिथे परिस्थितीजन्य पुरावा येतो. याबाबत शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा 1984 चा निकाल प्रत्येक फौजदारी वकिलाच्या जिभेवर असतो. 1982 मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, कारण आत्महत्येची शक्यता पुराव्याने नाहीशी झालेली नव्हती. न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याचे "पंचशील" सांगितले: प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली असावी, ती फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळावी, निर्णायक स्वरूपाची असावी, दोषाखेरीज प्रत्येक शक्यता तिने वगळावी आणि साखळी इतकी पूर्ण असावी की निर्दोषत्वाला वाजवी जागा उरू नये. व्यवहारात एका कागदावर साखळीची प्रत्येक कडी लिहून तिच्यासमोर ती सिद्ध करणारा साक्षीदार आणि ती उकलणारे दुसरे स्पष्टीकरण लिहावे. रिकाम्या राहिलेल्या जागा हाच बचावाचा युक्तिवाद.

आरोपीने वस्तू काढून दिल्याचा निवेदन पंचनामा ही दुसरी नाजूक जागा. "ज्या कोयत्याने मी त्याला मारले तो कोयता विहिरीजवळ लपवला आहे, तो काढून देतो", असे वाक्य त्यात असते. 1947 च्या पुलुकुरी कोट्टय्या निकालापासून नियम ठरलेला आहे की ज्या भागामुळे वस्तू सापडली तेवढाच वाचता येतो. "तो कोयता विहिरीजवळ लपवला आहे, काढून देतो" हे वाचता येईल, "ज्या कोयत्याने मी त्याला मारले" हे नाही. कागदाला निशाणी (पुरावा म्हणून न्यायालयाचा क्रमांक) पडताना सगळे वाक्य आत गेले, तर वाचणाऱ्याच्या मनावर त्याचा ठसा राहतोच. म्हणून नको असलेल्या भागावर खूण करून हरकत त्याच क्षणी नोंदवावी. तो विहिरीजवळचा परिसर सर्वांना खुला होता का, पोलिसांना जागा आधीच ठाऊक होती का आणि पंच खरोखर सोबत गेले होते का, हेही पाहावे.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते, त्यात आता हॅश व्हॅल्यूही (फाइल बदलली की बदलणारा तिचा संगणकीय ठसा) द्यावी लागते. प्रमाणपत्राची आवश्यकता 2014 च्या अन्वर आणि 2020 च्या अर्जुन पंडितराव खोतकर या निकालांनी पक्की केली. परंतु 2017 च्या सोनू विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात कॉल रेकॉर्डला प्रमाणपत्र नव्हते आणि खटल्यात त्यावर हरकत घेतलेली नव्हती. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पुरावा सिद्ध करण्याच्या पद्धतीबद्दलची हरकत अपिलात पहिल्यांदा घेता येणार नाही. हरकत वेळेवर आली असती तर सरकार पक्षाला दोष दुरुस्त करता आला असता, हे त्यामागचे कारण. बचावाच्या वकिलाने त्या दिवशी उच्चारलेले "हरकत आहे" हे दोन शब्द अनेक वर्षांनंतरचे अपील कसे ठरवतात, याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

मृत्युपूर्व जबाबाच्या बाबतीत एक गैरसमज आहे की डॉक्टरांचा शेरा नसला तर तो बाद होतो. 2002 च्या लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या घटनापीठाच्या निकालानुसार, रुग्ण शुद्धीवर आणि सांगण्याच्या मनःस्थितीत होता याबद्दल जबाब घेणाऱ्याची खात्री पटली असेल, तर शेरा अनिवार्य नाही. त्यामुळे उलटतपासणीचा रोख शेऱ्यापेक्षा भाजल्याचे प्रमाण, दिलेली औषधे, शेजारी हजर असलेले नातेवाईक आणि एकाहून अधिक जबाबांतील फरक यांवर असावा.

सातवा टप्पा: आरोपीचे म्हणणे आणि बचावाचा पुरावा

सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर कलम 351 प्रमाणे न्यायाधीश आरोपीला प्रत्येक परिस्थितीबद्दल प्रश्न विचारतात. शंभर प्रश्नांना "खोटे आहे", "माहीत नाही" अशी ठोकळेबाज उत्तरे देऊन ही संधी वाया घालवली जाते, याचे फार वाईट वाटते. आरोपीला शपथ नसते, उलटतपासणी नसते आणि आपली बाजू स्वतःच्या शब्दांत लेखी देण्याची मुभा असते. आधीच्या उलटतपासणीत मांडलेल्या भूमिकेशी जुळणारे एक-दोन पानांचे निवेदन तयार ठेवावे. दुसरीकडे, जी परिस्थिती आरोपीला विचारलीच गेली नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हेही सारडा निकालातच सांगितले आहे. मात्र अलीकडे न्यायालये यातून आरोपीचे खरोखर नुकसान झाले का, हे पाहतात.

बचावाचे साक्षीदार द्यायचे की नाही, हा निर्णय भावनेवर सोडू नये. आरोपीला वाजवी संशय निर्माण होईल एवढेच दाखवायचे असते. पण "मी दुसरीकडे होतो" असे म्हटले, की ते त्यानेच दाखवावे लागते. तिथे एका नातेवाइकाच्या तोंडी साक्षीपेक्षा हजेरीपट, प्रवासाची नोंद किंवा रुग्णालयाचा कागद कितीतरी भक्कम.

अंतिम युक्तिवाद तोंडी केला तरी लेखी टिपण द्यावे आणि प्रत्येक मुद्द्यापुढे निशाणी क्रमांक व जबानीचा परिच्छेद लिहावा. दोषी ठरल्यास कलम 258 खाली शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी असते. "दया दाखवावी" एवढे म्हणून ती दोन मिनिटांत आटोपू नये. वय, शिक्षण, आजार, अवलंबून असलेली मुले, कारागृहातील वर्तणूक यांचे कागद आधीच गोळा केलेले असावेत.

आठवा टप्पा: अपील

निकालाच्या दिवशीच निकालपत्राची प्रत मागावी. शिक्षा झालेल्याला ती विनामूल्य मिळते. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात 30 दिवसांत अपील करावे लागते. सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात ही मुदत 60 दिवसांची आहे, फाशीच्या शिक्षेत मात्र 30 दिवसांची. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात आणि पुरेसे कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो. फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही.

अपिलासोबत कलम 430 खाली शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्ज करावा. शिक्षा 3 वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर शिक्षा देणारे न्यायालयच अपिलापुरता जामीन देते, म्हणून तो अर्ज निकालाच्या दिवशी खिशात असावा. मोठ्या शिक्षेत अपील लवकर सुनावणीला येण्याची शक्यता नाही, हा मुद्दा 1977 च्या काश्मीरा सिंग निकालाच्या आधारे मांडता येतो.

अपिलाच्या मसुद्यात "निकाल कायद्याला धरून नाही" अशी ठरावीक वाक्ये भरण्यापेक्षा न्यायाधीशांनी कोणता पुरावा वाचला नाही, कोणता चुकीचा वाचला आणि कोणता वाचायलाच नको होता, असे तीन गट करून निशाणी क्रमांकांसह लिहावे. पहिले अपील ऐकणारे न्यायालय पुराव्याचे पुन्हा पूर्ण मूल्यमापन करू शकते. दोषसिद्धीविरुद्धच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. ती वाढवून मागायची तर सरकारला वेगळे अपील करावे लागते. कलम 432 खाली अपिलात नवा पुरावा घेता येतो, पण तो अपवाद आहे आणि खटल्यातील निष्काळजीपणा भरून काढण्यासाठी सहसा वापरू दिला जात नाही. वकील हजर नाही म्हणून फौजदारी अपील फेटाळता येत नाही, गुणवत्तेवरच निकाल द्यावा लागतो, हे 1996 च्या बनी सिंग प्रकरणात ठरले आहे.

निर्दोष सुटलेल्या आरोपीनेही सावध असावे. सरकारप्रमाणेच पीडित व्यक्तीलाही कलम 413 खाली अपिलाचा हक्क आहे. तिथे 2007 च्या चंद्रप्पा निकालाचा आधार मिळतो: निर्दोषत्वाचे गृहीतक सुटकेने अधिक बळकट होते आणि दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील, तर खालच्या न्यायालयाने काढलेल्या निष्कर्षात हात घालू नये. खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष वाजवी होता हे मात्र पुन्हा त्याच जबान्या आणि त्याच "अ" ते "अ" खुणा दाखवूनच पटवावे लागते.

वकील परवडत नसेल तर

कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो. महिला, मुले, अनुसूचित जाती आणि जमातींच्या व्यक्तींनाही उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा प्रकरणात नेमला जाणारा न्यायमित्र (न्यायालयाने नेमलेला वकील) किमान 10 वर्षे वकिली केलेला असावा आणि त्याला तयारीसाठी निदान 7 दिवस मिळावेत, असे 2019 च्या अनोखीलाल निकालात सांगितले आहे. नेमणूक होऊन त्याच दिवशी साक्ष सुरू होत असेल, तर या निकालाचा उल्लेख करून मुदत मागावी आणि ती नाकारली तर तो अर्जही रेकॉर्डवर राहील असे पाहावे. कारागृहातून अपील करायचे झाल्यास कलम 424 प्रमाणे कारागृहाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज दिला की तो न्यायालयाकडे पाठवणे त्याच्यावर बंधनकारक असते. अर्ज दिल्याची तारीख आणि पोच मात्र कैद्याने किंवा भेटीला गेलेल्या नातेवाइकाने त्याच दिवशी लिहून घ्यावी.